सॅल्मन घ्यायचाय. रावस, 'इंडियन सॅल्मन', नॉर्वेचा, वाइल्ड, स्मोक्ड... कुणी उलगडून सांगेल का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय आपल्या मुलखाबाहेरचा आहे, पण अडलंय आमच्याच घरात.

मागच्या दिवाळीत आमच्या अण्णांची बायपास झाली. वय ७१. परवा तपासणीला गेलो तर डॉक्टर म्हणाले, मटण बंद, आठवड्यातून दोनदा मासे खा, ओमेगा-३ वाले. अण्णांनी विचारलं, "कोणते?" डॉक्टर घाईत होते. "सॅल्मन वगैरे" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत. झालं! तेव्हापासून अण्णा सकाळ-संध्याकाळ विचारतात, "सॅमन आणला का?" (मधला ल खातात. लेक म्हणते, इंग्रजीत तोच उच्चार बरोबर आहे. अण्णांची कॉलर ताठ.)

आम्ही मूळ पैठणचे, मासा आम्हाला नवा नाही. नाथसागराचा रोहू, कटला, मरळ, वाम खाऊनच वाढलो. पण समुद्राचा मासा म्हटला की आठवडी बाजारातली सुकट आणि बोंबील, तेवढंच. आता संभाजीनगरात राहतो. रविवारी एका दुकानात 'फ्रेश सॅल्मन' अशी पाटी दिसली, ९०० रुपये किलो. घरी येऊन अ‍ॅपवर पाहिलं तर 'इंडियन सॅल्मन' साधारण त्याच भावात, आणि खाली 'नॉर्वेजियन सॅल्मन' २०० ग्रॅमला ६५०. म्हणजे किलोला सव्वातीन हजार! त्यात पुण्याच्या मेहुण्यानं दिवाळीला दिलेलं स्मोक्ड, म्हणजे धुरी दिलेल्या, सॅल्मनचं पाकीट अजून फ्रीजरमध्ये तसंच पडलंय.

९०० वाला आणि ३२५० वाला, दोन्ही सॅल्मनच का? वाइल्ड आणि फार्मचा यात एवढा काय फरक? आणि ते स्मोक्ड अण्णांना चालेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निव्वळ_शाकाहारी

जवसाची चटणी खा. ओमेगा-३ च ओमेगा-३. धागा बंद करा.

लातूरची_सून

माझं माहेर वर्सोवा, सासर लातूर, त्यामुळे या प्रश्नावर बोलायचा हक्क माझाच. ☺️

गोदाकाठ दादा, तुमचा ९०० वाला म्हणजे आपला रावस. 'इंडियन सॅल्मन' हे त्याचं इंग्रजी बाजारू नाव. सॅल्मनच्या घराण्याशी त्याचं लांबचंसुद्धा नातं नाही. ऑस्ट्रेलियात याच माशाला 'ब्लू सॅल्मन' म्हणतात, तिथंही तीच गफलत. गोऱ्यांना आपल्या घरचा मासा आठवला की दिसेल त्याला सॅल्मन म्हणायचं, असंच असावं.

ओळखायचं कसं? अख्खा मासा मागा. गालामागच्या पराखाली बोट घाला. चार दोरे हाताला लागले, मिशांसारखे लांब, तर रावस. त्याच्या शास्त्रीय नावातही 'चार बोटांचा' असाच अर्थ आहे. आणि पाठ बघा, रावसाच्या पाठीवर दोन पर असतात. खऱ्या सॅल्मनच्या पाठीवर एकच, आणि त्याच्या मागे शेपटीजवळ एक बारकं मांसल बोंडूक. काटा नाही त्यात, नुसता गुबगुबीत तुकडा. आई म्हणायची, मासा विकत घेताना पैशाआधी बोटं चालवायची.

पण एक सांगते, रावसाला कमी लेखू नका. आमच्याकडे पाहुणा जावई असेल तरच रावस यायचा. दुकानदारानं फसवलं ते नावात, मालात नाही.

सोनपेठकर

हे भारी झालं. म्हंजी ज्याला आपून रावस म्हणतो त्याला सॅल्मन म्हणलं की भाव वाढतोय. मपल्या गावात बी असंच हाय. चहाला टी म्हणलं की दहाचे वीस.

मला एक सांगा, वाइल्ड आन फार्म म्हंजी गावरान आन बॉयलर, असंच ना? मंग विचारायलेत कामून? गावरान घ्या की!

फ्योर्डकाठची_माई

सोनपेठकर, तुलना झकास, पण अर्धीच लागू पडते. गावरान कोंबडीला निदान मालक तरी असतो.

मी अंबाजोगाईची, गेली १४ वर्षं नॉर्वेत, बर्गनला. इथं खिडकीतून फ्योर्ड (डोंगरांमधे घुसलेला समुद्राचा चिंचोळा फाटा) दिसतो आणि फ्योर्डात सॅल्मनचे गोल पिंजरे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मासा समजून घ्या. सॅल्मन जन्मतो गोड्या पाण्यात, नदीत. मोठा होतो समुद्रात. अंडी घालायला परत त्याच नदीत येतो. नातलग दोन. एक अटलांटिक सॅल्मन, ही एकच जात. दुसरा पॅसिफिक, त्यात किंग, सॉकाय, कोहो, पिंक, चम असे भाऊबंद. पॅसिफिकवाले एकदा अंडी घातली की मरतात. अटलांटिकवाल्यांतले काही वाचतात आणि पुन्हा समुद्र गाठतात.

आता बाजाराचं गणित सोपं आहे. अटलांटिक सॅल्मन म्हटलं की तो फार्मचाच समजायचा. 'नॉर्वेजियन सॅल्मन' म्हणजे तर शंभर टक्के फार्मचा. इथल्या नद्यांत वाइल्ड सॅल्मन इतका घटलाय की २०२४ च्या उन्हाळ्यात सरकारनं एकदम ३३ नद्यांवर मासेमारी बंद केली. मला इथं राहून तो खायला मिळत नाही, तर संभाजीनगरच्या अ‍ॅपवर कुठून येणार?

फार्मचं काम असं चालतं. अंड्यातून पिल्लं बाहेर येतात जमिनीवरच्या टाक्यांमध्ये, गोड्या पाण्यात. वर्षभरानं ती खारं पाणी सोसायला तयार झाली की समुद्रातल्या जाळ्यांच्या पिंजऱ्यात. तिथं वर्ष-दीड वर्ष, कधी दोन. चार-पाच किलोचा झाला की काढणी. कायद्यानं पिंजऱ्यात माशांचं वजन घनमीटरला २५ किलोच्या वर जाता कामा नये, म्हणजे आतलं साडेसत्त्याण्णव टक्के पाणीच. तरी एका पिंजऱ्यात दोन लाखांपर्यंत मासे असू शकतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण पिंजराही तेवढा अवाढव्य असतो.

आणि खातात काय माहितीये? १९९० च्या सुमाराला खाद्यात नव्वद टक्के मासळीचंच पीठ आणि तेल असायचं. आता उलटं. सत्तर टक्क्यांच्या आसपास वनस्पतींचं, आणि त्यात मोठा वाटा सोयाबीनचा.

मोंढ्यावरचा_माणूस

काय सांगता माई! लातूरच्या मोंढ्यात आम्ही सोयाबीनच्या भावासाठी रोज कपाळाला हात लावतो आणि तिकडं मासा सोयाबीन खाऊन सव्वातीन हजार किलोनं जातो? पुढच्या जन्मी मला सॅल्मन कर रे देवा.

फ्योर्डकाठची_माई

हा हा. दादा, वाईट बातमी. सोयाबीन ब्राझीलहून येतं.

मोंढ्यावरचा_माणूस

राहू द्या मग. या जन्मात हमालीच बरी.

सिएटल_रिटर्न

माईंचा आदर ठेवून असहमत. मी नऊ वर्षं सिएटलला होतो, आता जालन्यात. फार्मचा सॅल्मन म्हणजे रंगवलेला मासा आहे हो. सोयाबीन खाऊन त्याचं मांस पांढुरकं-राखाडी होतं, म्हणून खाद्यात रंग घालतात. किती नारिंगी हवा ते ठरवायला पेंटच्या दुकानातल्यासारखं रंगांचं कार्ड असतं, खोटं वाटत असेल तर शोधा. २००४ साली 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आलं होतं की फार्मच्या सॅल्मनमध्ये पीसीबीसारखी घातक द्रव्यं वाइल्डपेक्षा जास्त सापडली. माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या समुद्री उवा, पिंजऱ्यातून पळून वाइल्डांशी संकर, चिलीत अँटिबायोटिक्सचा मारा... किती सांगू?

अलास्कात तर मासे पिंजऱ्यात वाढवायलाच १९९० पासून बंदी आहे. तिथला सॉकाय एकदा खाऊन बघा. गडद लाल, घट्ट, चव अशी की लिंबूसुद्धा लागत नाही. जून-जुलैत ब्रिस्टल बेमध्ये त्याचा हंगाम. आम्ही शनिवारी बाजारात जाऊन अख्खा मासा आणायचो. ते दिवस गेले.

लातूरची_सून

ते दिवस गेले, तो मासाही गेला. प्रश्न संभाजीनगरचा आहे, दादा. 😄

फ्योर्डकाठची_माई

सिएटलराव, तुमचे अर्धे मुद्दे मला मान्यच आहेत. उवा आहेत. पळालेले मासे हा तर इथला रोजच्या भांडणाचा विषय. आमच्या शेजारचे आजोबा नदीत गळ टाकून बसणाऱ्यांपैकी, त्यांच्यासमोर फार्मचं नाव काढायची सोय नाही.

पण दोन गोष्टी नीट मांडूया. रंगाचं द्रव्य म्हणजे अस्टाझॅन्थिन. वाइल्ड माशाला तेच कोळंबीसारख्या बारीक जीवांतून मिळतं. फार्मवर ते खाद्यात घालतात, बहुतेक कारखान्यात तयार केलेलं. म्हणजे माशाला बाहेरून रंग फासत नाहीत, तो खाऊनच नारिंगी होतो. कार्ड खरंच असतं, त्याबद्दल वाद नाही. दुसरं, २००४ नंतर खाद्य बदललं, मासळीचं तेल कमी झालं, तशी ती घातक द्रव्यंही घटली. त्यासोबत ओमेगा-३ ही पूर्वीपेक्षा कमी झालं, हे फार्मवाले स्वतःहून सांगत नाहीत. अँटिबायोटिक्सचं म्हणाल तर नॉर्वेत १९८७ नंतर लशी आल्या आणि वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. चिलीची गोष्ट वेगळी, तिथं तुमचा मुद्दा बरोबर. त्यामुळे पाकिटावर देश बघायचा.

सोनपेठकर

म्हंजी बॉयलरला बी लस टोचतेत. प्रत्येक माशाला? सुईनं??

फ्योर्डकाठची_माई

हो. प्रत्येकाला. पिल्लू असतानाच. पूर्वी माणसं टोचायची, आता बऱ्याच ठिकाणी मशीन.

सोनपेठकर

आमच्याकडं पोलिओच्या डोसाला पोरं पळून जातेत. मासे बरे.

धन्वंतरी_नांदेड

मी फिजिशियन आहे, पण तुमच्या अण्णांचा डॉक्टर नाही. त्यामुळे हे सगळं त्यांना दाखवून घ्या.

डॉक्टरांनी 'सॅल्मन' म्हटलं ते उदाहरण म्हणून. त्यांना म्हणायचंय तेलकट मासा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचंही हेच सांगणं आहे, आठवड्याला दोन वेळा, शिजवलेला साधारण ८५ ग्रॅम एका वेळी, आणि त्यातही तेलकट मासा बरा. फार्मच्या सॅल्मनमध्ये १०० ग्रॅममागे १३ ग्रॅमच्या आसपास चरबी, वाइल्ड अटलांटिकमध्ये त्याच्या निम्मी. म्हणून गंमत अशी की 'गावरान' जास्त सडसडीत असला, तरी ओमेगा-३ च्या बाबतीत बॉयलर मागे पडतोच असं नाही. फार्मच्या १०० ग्रॅममध्ये ते २ ग्रॅमच्या घरात असतं.

आता माझ्या मनातलं. बांगडा आणि तारली हे आपल्या किनाऱ्यावरचे तेलकट मासे आहेत आणि सॅल्मनच्या मानानं भाव काहीच नाही. हैदराबाद आणि मुंबई, दोन्हीकडून बर्फातला माल नांदेडला येतो, बांगडा सहज मिळतो. माझ्या पेशंटांना मी तोच सांगतो. त्यांनी तळून खाल्ला की मग आमचं भांडण होतं, तो भाग वेगळा.

स्मोक्डबद्दल: अण्णांना नको. १०० ग्रॅममागे तीनेक ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. बायपास झालेल्या, बहुतेक बीपीची गोळी चालू असलेल्या माणसानं कशाला या फंदात पडायचं? शिवाय थंड धुरीचा सॅल्मन कच्चाच असतो. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. म्हातारी माणसं आणि गरोदर बायका, दोघांनीही तो टाळायचा.

निव्वळ_शाकाहारी

डॉक्टरसाहेब, जवसाबद्दल एक शब्द नाही? मराठवाड्यात जवस पिकतो, करडई पिकते, आणि आपण नॉर्वेकडे डोळे लावून बसलोय.

धन्वंतरी_नांदेड

जवस उत्तमच. पण त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, एएलए. माशातलं ईपीए आणि डीएचए. शरीर एएलएचं रूपांतर करतं, पण फारच थोडं. म्हणून चटणी खा, जरूर खा, पण तिला मासा म्हणू नका.

निव्वळ_शाकाहारी

मी कधीच तिला मासा म्हटलं नव्हतं. 😌

आर्या_परभणी

स्मोक्डवरून आमच्या घरचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चुलत दीर लंडनहून आला, खास आमच्यासाठी स्मोक्ड सॅल्मन घेऊन. चपटं पाकीट, सोनेरी पुठ्ठ्यावर पातळ-पातळ नारिंगी काप, एकावर एक सरकवून ठेवलेले. मी शाळेत नोकरीवर गेले होते. सासूबाईंनी पाकीट उघडलं. काप हातात घेतला तर तो ओल्या रेशमासारखा लोंबकळायला लागला. "अगं बाई, हा तर कच्चाच!" आधी तीन पाण्यांनी धुतला. मग हळद-मीठ लावलं. मीठ! मग लसूण-खोबऱ्याचं वाटण, येसर, काळा मसाला, खळखळून उकळी. संध्याकाळी मी आले तर पातेल्यात नारिंगी चुरा आणि वर तेलाचा तवंग. पहिला घास घेतला आणि सासरे उठून थेट माठाकडे गेले. दीर बिचारा गप्प बसून भाकरी कोरडीच खात होता. शेवटी ते कालवण कुत्र्यानंही हुंगून सोडलं. सासूबाई अजून म्हणतात, "लंडनचा मासा खारट असतो. समुद्र जवळ आहे ना त्यांना."

मोंढ्यावरचा_माणूस

बनी तो बनी, नही तो परभणी. 😂😂

आर्या_परभणी

जगात जर्मनी, भारतात परभणी. विसरू नका.

अर्धा_शेफ

उशिरा आलो. मी पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये सहा वर्षं होतो, आता बीडला स्वतःचं छोटं काम. आर्याताई, सासूबाईंची चूक नाही, पाकिटावर कुणी नीट लिहीतच नाही.

स्मोक्ड दोन तऱ्हेचा. थंड धुरीचा: आधी मिठात मुरवतात, मग तीसेक अंशांच्या आतल्या धुरात तासन्‌तास ठेवतात. शिजत नाही, फक्त धूर बसतो. तुमचा तो रेशमासारखा काप हाच. पाकिटातून काढला की तसाच खायचा, ब्रेडवर, काकडीबरोबर. शिजवलात तर मीठ आणि पैसा दोन्ही वाया. गरम धुरीचा: हा धुरातच शिजतो. दिसायला फिकट, बोटानं दाबला की पाकळ्या सुटतात. हा भातात, पोह्यात, अंड्यात चालतो. ग्रॅव्हलॅक्स म्हणून अजून एक मिळतो, त्याला धूर लागतच नाही. मीठ, साखर आणि शेपूत मुरवलेला. हो, आपलीच शेपूची भाजी. आमच्या मेसमध्ये पोरं शेपू बघून ताट सरकवायची, आणि तिकडं त्याचीच चैन.

स्मोक्ड घेताना 'स्कॉटलंडमध्ये धुरी दिलेला' या शब्दांवर भुलू नका. धुरी कुठं दिली आणि मासा कुठला, या दोन वेगळ्या गोष्टी. नॉर्वेचा कितीतरी मासा पोलंडला जाऊन धुरी घेतो.

आता गोदाकाठ दादांसाठी, कच्चा तुकडा घेताना:

पाकीट उलटं करा. शास्त्रीय नाव शोधा. 'साल्मो सालार' असेल तर अटलांटिक, म्हणजे फार्मचा. 'ऑन्कोरिंकस नेरका' असेल तर सॉकाय, म्हणजे सिएटलरावांचा वाइल्ड. मासेमारीचं क्षेत्र 'एफएओ ६७' असं लिहिलं असेल तर ईशान्य पॅसिफिक, अलास्काकडचं. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा) १४ अंकी क्रमांक पाहिजेच. यातलं काहीच नसेल आणि तुकडा नुसत्या थर्मोकोलच्या ताटलीत प्लास्टिक गुंडाळून असेल, तर ठेवा परत.

'ताजा वाइल्ड सॅल्मन' असं कुणी डिसेंबर-जानेवारीत म्हणालं तर हसून पुढे चला. आपल्याकडे वाइल्ड आला तर गोठवलेला नाहीतर डब्यातला. डब्यातला वाईट नाही बरं का, पिंक किंवा सॉकाय असतो, बहुतेक वाइल्डच, आणि त्यातली हाडं इतकी मऊ होतात की तीही खाता येतात.

आणि गोठवलेल्याला नाक मुरडू नका. विमानानं मुंबई, तिथून बर्फात संभाजीनगर, मग दुकानाच्या काउंटरवर दोन दिवस. हा 'फ्रेश' आणि पकडल्यावर लगेच गोठवलेला, यात मी डोळे झाकून दुसरा घेईन. फक्त घरी वितळवताना व्हॅक्यूम पाकीट आधी कापायचं, मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवायचं. बंद पाकिटात हवा नसते आणि तिथं वाढणारा जंतू साधासुधा नसतो.

सोनपेठकर

लाईट गेल्यावर काय करायचं तेबी सांगा शेफ. आमच्याकडं फ्रीज म्हंजी आठ तास कपाट असतंय.

अर्धा_शेफ

मग सॅल्मन नको, मरळ घ्या. जिवंत मिळतो, लाईट जाऊ दे नाहीतर राहू दे.

जायकवाडीचा_भोई

शेवटी आमची आठवण आली म्हणायची! वरचे पन्नास प्रतिसाद वाचले, सगळे समुद्रात. नाथसागरावर आमचं अख्खं घर जाळं टाकतं. मरळाला काय भाव आहे ते विचारा आणि मग नॉर्वे म्हणा. बायपासचं मला माहीत नाही, पण बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला आमच्याकडे मरळच देतात.

धन्वंतरी_नांदेड

मरळ प्रथिनांना उत्तम, पचायला हलका. ओमेगा-३ मात्र तेलकट समुद्री माशाइतकं नाही. अण्णांनी एक दिवस मरळ, एक दिवस बांगडा केलं तर माझी हरकत नाही.

सिएटल_रिटर्न

बांगडा, मरळ सगळं ठीक. पण माणसानं आयुष्यात एकदा तरी खरा सॅल्मन खावा. ७१ वर्षांच्या माणसानं विचारलंय, आणा हो एकदा.

मोंढ्यावरचा_माणूस

२०१६ ला लातूरला मिरजेहून पाणी रेल्वेनं आलं होतं. आता सॅल्मनचीही एक वाघीण लावा.

लातूरची_सून

सिएटलरावांशी पहिल्यांदाच सहमत. एकदा आणा. पण येसर लावू नका, हात जोडते. सॅल्मनला स्वतःचंच इतकं तेल सुटतं की वरून घातलेलं सगळं त्यात पोहत बसतं. मीठ, हळद, लिंबू, थोडी लसूण, बस.

अर्धा_शेफ

तवा मध्यम, कातडीची बाजू खाली, तेल जवळजवळ नकोच. हात लावायचा नाही. बाजूनं बघत राहायचं, रंग खालून वर फिकट होत जातो. वरचा पाव भाग अजून गडद असताना उलटायचा, एक मिनिट, की उतरवायचा. वर दह्यासारखे पांढरे ठिपके यायला लागले तर समजायचं आच जास्त झाली. ते प्रथिन असतं, खराब काही नाही, पण मासा कोरडा होतो. फक्त अण्णांचं वय बघता मधे कच्चा ठेवू नका.

गोदाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, आठवड्यानं येतोय, क्षमस्व.

शनिवारी त्याच दुकानात गेलो. "अख्खा दाखवा." त्यानं बर्फातून उचलला. लातूरच्या ताईंनी सांगितलं तसं पराखाली बोट घातलं. एक, दोन, तीन, चार. चारही दोरे. दुकानदाराकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. "रावस आहे ना हा?" तर हसला आणि म्हणाला, "साहेब, रावस म्हणलं तर इथं कुणी थांबत नाही. सॅल्मन म्हणलं की गाडी लावतात." काय बोलणार? अर्धा किलो रावस घेतला. पाटी अजून तीच आहे.

मग अ‍ॅपवरून नॉर्वेचे दोन तुकडे मागवले. मागे 'साल्मो सालार' होतं, १४ अंकीसुद्धा. रविवारी दोन्ही केले. बायकोनं घड्याळ लावून शेफसाहेबांच्या पद्धतीनं. सॅल्मनचा तुकडा ताटात पडला तेव्हा अण्णा बराच वेळ नुसते बघत राहिले. नारिंगी मांस, मधे पांढऱ्या चरबीच्या रेघा, नांगरटीसारख्या. म्हणाले, "हा मासा आहे का पपई?"

खाल्ला. पूर्ण खाल्ला. दोन घास झाल्यावर म्हणाले, "मऊ आहे, लोणी आहे. पण काटा नाही. काटा नसला की कळत नाही मासा खाल्ला का काय." मग रावसाचा तुकडा घेतला, मग भाकरी मागितली. भाकरी मागितली म्हणजे पास, हे आमच्या घरातलं प्रमाणपत्र.

किंमत सांगितली नव्हती. नातवानं सांगितली. अण्णांनी हिशोब केला, "म्हणजे मी आत्ता सहाशेपन्नासचा खाल्ला?" आणि मग फर्मान काढलं: बुधवारी बांगडा, रविवारी रावस किंवा मरळ, आणि सॅमन वर्षातून एकदा, बायपासच्या वाढदिवसाला.

धन्वंतरी साहेब, आमच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. बांगडा चालेल म्हणाले, तळलेला नको.

निव्वळ_शाकाहारी

आणि चटणी?

गोदाकाठ (धागाकर्ता)

रोज. बांगड्याबरोबरसुद्धा. 🙏

सोनपेठकर

आन मेव्हण्याच्या त्या स्मोक्ड पाकिटाचं काय केलं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

ते पुण्याला परत चाललंय. मेहुण्याकडे पुढच्या महिन्यात वास्तुशांती आहे.